स्लाइड रेलवर जड सर्व्हर चढवायचा तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सांगलीतल्या एका सहकारी संस्थेत तुम्ही संगणक विभाग बघता. पुराच्या धास्तीने सगळी यंत्रणा तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर न्यायची ठरली आहे. ६०० बाय १००० मिमीचा नवा ४२ यू रॅक, म्हणजे यंत्रं एकावर एक बसवायची चौकट, आला आहे (यू हे रॅकमधल्या उंचीचं एकक). त्यात १२ डिस्कचे दोन २ यू सर्व्हर, ३६ डिस्कचं एक ४ यू स्टोरेज आणि एक यूपीएस बसवायचा आहे. सर्व्हरबरोबर आलेले स्लाइड रेल, म्हणजे सर्व्हर पुढे-मागे सरकवणाऱ्या बाजूच्या पट्ट्या, मागच्या बाजूला अडकत नाहीत. साहेब म्हणतात सर्व्हर रॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा, पाणी लागायला नको. पुरवठादाराचा माणूस म्हणतो रेलची भानगड सोडा, ट्रेवर ठेवून देतो. आणि हाताशी माणसं म्हणजे तुम्ही आणि एक शिपाई.

आधी साहेबांच्या म्हणण्याकडे वळू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मारुती चौक, गावभाग या बाजूला ज्यांनी ते पाणी बघितलं, त्यांना जितकं वर तितकं बरं वाटणारच. पण तळमजल्यावर पाणी शिरल्यावर रॅकच्या वरच्या खणातला सर्व्हर कोरडा राहून करायचंय काय? यूपीएस खाली, बॅटऱ्या खाली, विजेचे सॉकेट खाली. गुडघाभर पाण्यातच सगळं बंद. उंची मिळवायची ती मजला बदलून, आणि ती तुम्ही मिळवलेलीच आहे. वर गेल्यावर रॅकच्या आत मात्र जड ते खाली आणि हलकं ते वर, यात तडजोड नको. साहेबांना हे पटवायचं असेल तर पुढचा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

तुमच्या मापाचा रिकामा रॅक धरू ११० किलोचा. त्याचं वजन साधारण मध्यावर, म्हणजे पुढच्या पायांपासून ४२ सेंटिमीटर मागे. वजन गुणिले पायांपासूनचं मीटरमधलं अंतर, म्हणजे ११० गुणिले ०.४२, सुमारे ४६. हा रॅकला जागेवर धरून ठेवणारा आकडा. आता ३० किलोचा सर्व्हर रेलवर पूर्ण बाहेर ओढला की त्याचा मध्य पुढच्या पायांच्या २८ सेंटिमीटर पुढे येतो. ३० गुणिले ०.२८ म्हणजे ८.४. इथवर रॅक हलणारसुद्धा नाही, आणि म्हणूनच लोक बिनधास्त होतात. पण कुणीतरी मागच्या केबलकडे वाकून बघताना बाहेर आलेल्या सर्व्हरच्या पुढच्या कडेवर अंग टाकतं. ती कड पायांपासून ६५ सेंटिमीटर पुढे. माणसाचं ६० किलो वजन तिथे पडलं की ६० गुणिले ०.६५ म्हणजे ३९. अधिक ८.४. झाले ४७. रॅक उलथला. रिकाम्या रॅकमध्ये पहिला सर्व्हर चढवतानाची वेळ नेमकी अशी असते, कारण खाली वजन काहीच नसतं. दोन सर्व्हर एकाच वेळी बाहेर ओढले, किंवा भरलेलं ४ यू स्टोरेज बाहेर काढलं, तर पूर्ण अंग टाकायचीही गरज नाही, त्याहून बराच कमी दाब पुरतो.

म्हणून क्रम असा ठेवा: तळाला यूपीएस, त्याच्यावर स्टोरेज, त्याच्यावर दोन्ही सर्व्हर, आणि स्विच-पॅच पॅनेल (नेटवर्क केबल जोडायच्या हलक्या पेट्या) वर. एका वेळी एकच वस्तू बाहेर. रॅकबरोबर पुढे ओढायचा स्टॅबिलायझर पाय आला असेल तर तो पहिला सर्व्हर उचलायच्या आधी बाहेर काढा. आला नसेल तर रॅक जमिनीला अँकर बोल्टने पकडा. चाकांवर उभा असलेला रॅक भरायचा नाही. लेव्हलिंगचे चारही पाय खाली सोडून चाकं हवेत आली पाहिजेत, आणि रॅक ओळंब्यात आहे का ते स्पिरिट लेव्हल लावून बघा. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. त्या उतारावर रॅक पुढे झुकलेला असला तर रेल अर्धवट ओढल्यावर सर्व्हर आपोआप पुढे सरकतो. अँकरसाठी ड्रिल मारायचं ते रॅक रिकामा असतानाच. सिमेंटची बारीक पूड सर्व्हरच्या पंख्यात गेलेली कुणालाच आवडत नाही.

मजल्याचंही विचारून घ्या. इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, आणि ऑफिससाठी २.५ ते ४ किलोन्यूटन भार धरलेला आहे. तुमचा भरलेला रॅक ३०० किलोच्या आसपास जाईल आणि तो उभा राहणार जेमतेम ०.६ चौरस मीटरवर. आरसीसी इमारतीत भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवला तर बहुतेक वेळा अडचण येत नाही, पण हे सांगायचा अधिकार स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, माझा नव्हे. लाकडी तुळयांवरचा मजला असेल तर विचारल्याशिवाय रॅक जिन्यावरूनही वर नेऊ नका.

आता रेल मागे का अडकत नाही ते बघू. ही तक्रार मी इतक्या ठिकाणी ऐकली आहे की फोनवरच अंदाज बांधता येतो. तुमच्या रॅकचे मागचे उभे खांब बहुधा पार मागे लावलेले असणार. कारखान्यातून रॅक येतो तेव्हा खांब कुठेतरी घट्ट करून पाठवलेले असतात. तुमचा सर्व्हर किती लांब, हे त्यांना कुठून माहीत असणार. स्लाइड रेलची लांबी कमी-जास्त होते, पण तिला मर्यादा असते. ती मर्यादा रेलच्या खोक्यातल्या कागदावर मिमीमध्ये दिलेली असते, आणि मोजायचं ते पुढच्या खांबाच्या बाहेरच्या तोंडापासून मागच्या खांबाच्या बाहेरच्या तोंडापर्यंत. रॅकची १००० मिमी खोली आणि हे अंतर यांचा गोंधळ घालू नका. सर्व्हरचे बहुतेक रेल सुमारे ७४० मिमी, म्हणजे २९ इंच अंतरावर निवांत बसतात. तिथे खांब आणा.

पुढचे खांबही तपासा. पुढच्या दारापासून ते ६० ते ७५ मिमी आत हवेत, नाहीतर सर्व्हरची कानं (पुढच्या दोन्ही कडांच्या पट्ट्या) आणि बेझल (पुढचं झाकण) दाराला घासतात आणि दार लागत नाही. मग कुणीतरी दारच काढून कोपऱ्यात उभं करतं आणि ते तिथेच राहतं. तुमच्या रॅकमध्ये हिशेब असा: ७५ मिमी पुढे सोडले, सर्व्हर सुमारे ७५० मिमी लांब, तर मागे १७५ मिमी उरतात. पॉवर केबलचा वाक आणि नेटवर्क केबलला तेवढं पुरतं. केबल मॅनेजमेंट आर्मला, म्हणजे सर्व्हर ओढताना केबल सोबत नेणाऱ्या मागच्या घडीच्या हाताला, पुरत नाही, त्याबद्दल पुढे बोलतो.

खांब सरकवायचे तर रॅकमध्ये काही चढवायच्या आधी. चारही खांबांचे वरचे, मधले, खालचे बोल्ट सैल करा, सरकवा, आणि वर व खाली दोन्हीकडे टेपने माप घेऊन मगच घट्ट करा. वर ७४० आणि खाली ७३२ असं झालं तर खालचा रेल बसेल आणि वरचा कुरकुरेल.

अंतर बरोबर असूनही रेल बसत नसेल तर भोकं बघा. १९ इंची रॅकची मापं ईआयए-३१० आणि आयईसी ६०२९७ या मानकांत ठरलेली आहेत: एक यू म्हणजे ४४.४५ मिमी, आणि त्या प्रत्येक यूमध्ये तीन भोकं. पण ती सारख्या अंतरावर नसतात. दोन अंतरं १५.८७५ मिमीची आणि तिसरं १२.७ मिमीचं. जिथे दोन भोकं एकमेकांच्या जवळ दिसतात, तिथे मधोमध एक यू संपून दुसरा सुरू होतो. हे एकदा डोळ्यात बसलं की छापलेले आकडे पुसले गेले तरी अडत नाही. नवखा माणूस भोकं मोजत वर जातो, चौथ्या खांबाला एक भोक चुकतो, आणि मग रेल पुढे एका उंचीवर, मागे दुसऱ्या. अशा रेलमध्ये सर्व्हर जातो, पण तिरका जातो, आणि वर्षभराने बाहेर काढायची वेळ येते तेव्हा अडकून बसतो. मी मास्किंग टेपचे तुकडे घेऊन चारही खांबांवर त्या यूच्या खालच्या रेषेवर चिकटवतो आणि मगच रेल हातात घेतो.

तिसरं कारण म्हणजे भोकाचा आकार. आपल्याकडे बहुतेक रॅकना ९.५ मिमीची चौकोनी भोकं असतात, त्यात केज नट (चौकोनी भोकात अडकणारा सुटा नट) बसतो आणि त्याला एम-६ स्क्रू. सर्व्हरबरोबर येणारे हल्लीचे रेल बिनस्क्रूचे असतात. त्यांच्या टोकाच्या खुंट्या चौकोनी भोकात थेट जातात आणि स्प्रिंगचा खटका बसतो. तिथे केज नट लावायचाच नसतो. कुणी कौतुकाने आधीच लावून ठेवला असेल तर रेल अडणारच. उलट रॅकला गोल किंवा आटे पाडलेली भोकं असतील तर खुंट्या बदलाव्या लागतात, किंवा त्या प्रकारचे वेगळे रेल मागवावे लागतात. ग्राइंडरने भोकं मोठी करायचा उद्योग कुपवाडच्या एका कारखान्यात पाहिला आहे. करू नका. खांबाची ताकदही जाते आणि लोखंडाचा कीस महिनोन्‌महिने सर्व्हरमध्ये निघत राहतो.

आणि एक साधी गोष्ट: रेलवर डावा-उजवा लिहिलेलं असतं, ते रॅकच्या पुढे उभं राहून. मागे उभं राहून बसवणाऱ्याचे हटकून उलटे बसतात. बसवताना मागचं टोक आधी अडकवायचं, मग पुढचं टोक ओढून खटका बसवायचा. खटका बसल्यावर रेल दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे जोरात हलवून बघा. आवाज आला म्हणजे बसला असं समजू नका. उभी पीडीयू पट्टी (विजेच्या सॉकेटची पट्टी) मागच्या खांबाला चिकटून असेल तर ती रेलच्या वाटेत येते का, तेही आत्ताच बघून घ्या.

रेल कसा चालतो हे ठाऊक असेल तर पुढचं काम निम्म्याने सोपं होतं. पूर्ण बाहेर येणाऱ्या रेलला तीन पट्ट्या असतात: बाहेरची रॅकला, आतली सर्व्हरच्या कुशीला, आणि मधली दोघींच्या मध्ये सरकणारी. त्यांच्यामध्ये छर्रे असतात आणि ते छर्रे एका पातळ पट्टीत, पिंजऱ्यात ओवलेले असतात. सर्व्हर चढवायच्या दोन पद्धती आहेत. एकात आतली पट्टी आधी सर्व्हरला लावायची आणि मग सर्व्हर समोरून सरळ रेलमध्ये घुसवायचा. दुसऱ्यात रेल पूर्ण बाहेर ओढून लॉक करायचे आणि सर्व्हर वरून त्यांच्यात सोडायचा. सर्व्हरच्या बाजूंना असलेल्या खुंट्या रेलवरच्या जे आकाराच्या खाचांत उतरतात. तुमच्यासारख्या १२ डिस्कच्या सर्व्हरला दुसरी पद्धत बरी. समोरून घुसवताना दोन माणसांना ३० किलो वजन हवेत तोलत दोन्ही टोकं एकदम मिलिमीटरच्या हिशेबाने जुळवावी लागतात. तुमच्याकडचे रेल फक्त समोरून घुसवायचे असतील तर सर्व्हर टेबलावर ठेवून टेबलाची उंची जुळवायची, हातावर तोलायचा नाही. आणि त्या प्रकारात आत ढकलण्याआधी छर्ऱ्यांचा पिंजरा ओढून पार पुढच्या टोकाला आणा. तो मागे राहिला तर आतली पट्टी पिंजऱ्यावर आदळते, पिंजरा चेपतो, आणि छर्रे फरशीवर घरंगळतात. मग तो रेल संपला. छर्रे वेचून परत भरता येत नाहीत.

वजनाचं सांगतो. आयबीएमच्या यंत्रांवर जे सुरक्षेचे स्टिकर असतात त्यात १८ किलोच्या वर दोन माणसं, ३२ किलोच्या वर तीन आणि ५५ किलोच्या वर चार, असं दाखवलेलं असतं. माणसांनी किती उचलावं याचा तो चांगला धडा आहे, यंत्र कुठल्याही कंपनीचं असो. १२ डिस्क भरलेला २ यू सर्व्हर ३० ते ३५ किलो भरतो. ३.५ इंची एक डिस्क ६५० ते ७०० ग्रॅमची, म्हणजे १२ डिस्क काढल्या की ८ किलो कमी. दोन पॉवर सप्लाय काढले की आणखी दोनेक किलो. आता दोन माणसांनी उचलण्याजोगं झालं. स्टोरेजच्या ३६ डिस्क म्हणजे २५ किलो नुसत्या डिस्क. त्या काढूनही उरलेली पेटी दोघांना जडच जाते. तिथे तिसरा माणूस किंवा लिफ्ट टेबल हवंच.

डिस्क काढायच्या त्या यंत्र रीतसर बंद करून, पॉवर केबल ओढून. प्रत्येक डिस्कच्या कॅडीवर (डिस्क ज्यात बसते त्या सरकत्या चौकटीवर) टेपचा तुकडा चिकटवून खणाचा नंबर लिहा, आणि कुठल्या सर्व्हरची तेही लिहा. आजचे रेड कंट्रोलर (अनेक डिस्क मिळून चालवणारी कार्डं) डिस्कची अदलाबदल बहुतेक वेळा ओळखतात, पण संस्थेचा डेटा 'बहुतेक वेळा'वर सोडायचा नसतो. डिस्क स्पंजच्या खोक्यात उभ्या ठेवा, एकमेकींवर रचू नका. आणि हलवण्याआधी बॅकअप घेऊन तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघितलाय ना, एवढं विचारतो आणि पुढे जातो.

हमाल बोलवायचे का, असं तुमच्या मनात असेल. मार्केट यार्डातला हमाल हळदीचं पोतं पाठीवर घेऊन सहज चालतो, जिन्यावरून खोक्यासकट सर्व्हर वर न्यायला त्याच्यासारखा माणूस नाही. पण खोकं उघडल्यावर त्याला काम द्यायचं तर कुठे धरायचं नाही हे आधी दाखवा. पोत्याला कुठेही धरलं तरी चालतं. सर्व्हरला डिस्कच्या कॅडीला, पॉवर सप्लायच्या मुठीला, पुढच्या कानांना धरून उचलायचं नसतं. ती सगळी ओढायची साधनं आहेत, वजन पेलायची नव्हेत. धरायचं ते तळाच्या पत्र्याखाली हात घालून.

उचलायची वेळ आली की बांगड्या, घड्याळ, गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवा. दोघे जण सर्व्हरच्या डाव्या-उजव्या बाजूला उभे राहतात, पुढे-मागे नाही. रेल आधीच पूर्ण ओढलेले, दोन्हीकडे लॉक. तिसरं कुणी असेल तर त्याने समोर गुडघ्यावर बसून खाचांकडे बघायचं आणि फक्त त्याने बोलायचं. दोघेच असाल तर बोलायचं एकानेच, हे आधी ठरवा. 'उचल', 'पुढे', 'थांब', 'सोड', एवढे चारच शब्द. सर्व्हर रेलच्या वर आणला की मागचं टोक किंचित खाली झुकवा. सगळ्यात मागच्या खुंट्या सगळ्यात मागच्या खाचांत दोन्हीकडे गेल्या, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढचं टोक सोडायचं नाही. त्या बसल्या की सर्व्हर हळूहळू आडवा करत आणा, मधल्या खुंट्या, मग पुढच्या आपसूक खाचांवर येतात. पुढचा लॉक खट् करून बसतो, दोन्ही बाजूंचा खटका वेगवेगळा ऐकू आला पाहिजे. एकच ऐकू आला तर एक बाजू मोकळी आहे. हात काढायच्या आधी पुढची कड एक बोटभर वर उचलून बघा, कुठली बाजू वर येते ते लगेच कळतं.

मग दोन्ही बाजूंचे सोडायचे खटके, बहुतेक रेलवर निळे असतात, एकदम दाबून किंवा ओढून सर्व्हर आत ढकला. बोटं रेलच्या वरच्या किंवा खालच्या कडेवर ठेवू नका. पट्ट्या एकमेकींत सरकताना मध्ये आलेलं बोट अगदी सफाईने चेपतं. पहिल्यांदा ढकलताना सर्व्हर अडखळला तर जोर लावायचा मोह आवरा. मागे ओढा, बघा, आणि कारण शोधा: पिंजरा वाकडा, एक बाजू एक भोक वर, खांब ओळंब्यात नाही, किंवा मागे एखादी केबल रेलमध्ये आलेली. हातोडी किंवा बुटाची टाच हा उपाय ज्याने एकदा केला, त्याच्याच रॅकमधला सर्व्हर पुढे कधी बाहेर येत नाही. नीट बसलेला सर्व्हर एका हाताच्या दाबाने जातो. दोन-चार वेळा आत-बाहेर करून खात्री झाली की मगच डिस्क परत, पॉवर सप्लाय परत, आणि पुढचे दोन स्क्रू घट्ट.

स्टोरेजसाठी लिफ्ट टेबल भाड्याने घ्या. सर्व्हर उचलायची खास यंत्रं महाग असतात आणि आपल्या गावांत सहज मिळत नाहीत. पण कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत डाय-मोल्डची कामं करणाऱ्यांकडे पायाने पंप मारून वर जाणारी हायड्रॉलिक कात्री-टेबलं असतात. ओळखीने मिळतं. आणताना टेबल पूर्ण खाली केल्यावर जमिनीपासून किती उंच राहतं ते विचारा. रॅकचा पहिला यू जमिनीपासून सुमारे १० सेंटिमीटरवर सुरू होतो. यूपीएस खालच्या दोन-तीन यूमध्ये बसवून स्टोरेज पाचव्या यूपासून ठेवलंत तर त्याचा तळ जमिनीपासून २८ सेंटिमीटरवर येतो. टेबल त्याच्याहून खाली जात नसेल तर स्टोरेज दोन यू वर घ्या, पण टेबलाशिवाय उचलू नका. सर्व्हर त्याच्यावर, म्हणजे साधारण मांडीच्या उंचीला येतील. ही उचलायला सोयीची उंची, आणि छातीच्या वर काहीही जड जात नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या तो बसवण्याआधी काढून ठेवा, निम्म्याहून अधिक वजन त्यांचंच असतं.

ट्रेचं म्हणाल तर पुरवठादाराच्या माणसाला नम्रपणे नको म्हणा. फक्त पुढच्या दोन खांबांना धरलेला ट्रे स्विचला, मोडेमला ठीक आहे. ३० किलोच्या सर्व्हरखाली तो मागे लवतो. आणि एका सर्व्हरवर दुसरा ठेवायचा, ही तर आपल्याकडे सर्रास चालणारी गोष्ट. खालच्याचं झाकण दबतं आणि त्याची रॅम बदलायची झाली तर वरचा आधी उतरवावा लागतो. रेल खरोखरच हरवले असतील, जुना सर्व्हर घेताना हे हमखास होतं, तर चारही खांबांना धरणारे एल आकाराचे आधार-रेल मिळतात. ते सरकत नाहीत, पण वजन पेलतात. त्यावर सर्व्हर ठेवून पुढून स्क्रूने पकडायचा. दुसऱ्या मॉडेलचे स्लाइड रेल जुगाड करून लावू नका. आतल्या पट्टीच्या खाचा जुळत नाहीत.

खरं तर स्टोरेजसाठी सरकणारे रेल हवेतच का, हाही विचार करा. डिस्क पुढून निघत असतील, पंखे आणि पॉवर सप्लाय मागून, तर ते बाहेर ओढायचं कारण वर्षानुवर्षं येत नाही. अशा वेळी स्थिर रेल मला जास्त पसंत आहेत; स्वस्त, मजबूत, आणि ६०-६५ किलो रॅकबाहेर लोंबकळायचा प्रश्नच नाही. काही डिस्क मागच्या बाजूला असतील तर मागून दार पूर्ण उघडतं ना, तेवढं बघा. सर्व्हरला मात्र सरकणारेच रेल घ्या. पंखा, रॅम, कार्ड सगळं वरचं झाकण काढून बदलायचं असतं. त्यासाठी रॅकच्या पुढे जागा लागते: ७५ सेंटिमीटर सर्व्हरला आणि ४५ सेंटिमीटर माणसाला, म्हणजे १.२ मीटर. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत कपाट किंवा कॅशिअरचं जुनं टेबल रॅकसमोर आणून ठेवायची तयारी चाललेली असेल तर ती आत्ताच मोडून काढा.

केबल मॅनेजमेंट आर्म तुमच्या १००० मिमी रॅकमध्ये लावू नका. मागे १७५ मिमीच जागा आहे, त्यात आर्म कोंबला तर गरम हवेची वाटच बंद होते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत एसी बंद पडला की हे लगेच जाणवतं. त्याऐवजी प्रत्येक केबलला सर्व्हर बाहेर येईल तेवढी ढील द्या, ती सैल वेटोळी करून वेल्क्रोने बाजूच्या खांबाला धरा, दोन्ही टोकांना नावाची पट्टी लावा. प्लास्टिकचे टाय आवळू नका. सर्व्हर चालू असताना पहिल्यांदा बाहेर ओढायचा तो कामकाज संपल्यावर, आणि एक माणूस मागे टॉर्च घेऊन उभा असताना. कुठली केबल ताणते ते तो सांगेल. रिकाम्या यूवर ब्लँक पट्ट्या लावा, मागची गरम हवा पुढे वळत नाही. रॅकला अर्थिंगची वायर वेगळी जोडून घ्या; दाराची बिजागरी म्हणजे अर्थिंग नव्हे.

धुळीचं एक. हळदीच्या पेठेजवळ किंवा कारखान्याच्या आवारात सर्व्हर रूम असेल तर रेलवर बारीक थर बसतो. रेलला येतानाच ग्रीस लावलेलं असतं. त्यावर शिवणयंत्राचं तेल किंवा बाजारातलं ग्रीस चोपडलं की धूळ त्याला चिकटून खळ होते. वर्षातून एकदा सर्व्हर बाहेर ओढून कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पट्ट्या पुसायच्या, तेवढं पुरे. खोक्यात आलेला रेलचा कागद फेकू नका. तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून रॅकच्या मागच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, सोबत काढलेल्या जादा खुंट्या आणि स्क्रू एका छोट्या पिशवीत. खांबांचं माप घेऊन पुन्हा प्रयत्न करा, आणि तरीही रेल मागे बसत नसेल तर मागच्या खांबाचा भोकांसकट जवळून घेतलेला फोटो आणि कागदावरची कमीत कमी-जास्तीत जास्त लांबी पाठवा, मग नेमकं सांगता येईल.